पुसणं

गाडी बारबानं घेऊन दिली. हप्ते तीच भरते, कोपनहेगनहून.
"बाबा, हात लावायचा नाही कशाला. नुसतं बोलायचं."
हानुस चाळीस वर्षं ट्रॉलरवर,
त्याला बोलायचीच तर सवय नाही.
बोटीवर हुकूम एकदाच निघायचा.
दुसऱ्यांदा सांगावा लागला
तर तो पोरगा पुढच्या खेपेला धक्क्यावरच.

आता बघा त्याला.
काचेवर ही अशी भुरभुर,
पाऊस म्हणावा तर पडत नाही, धुकं म्हणावं तर ओलं.
आमच्या बेटांवर हिला वेगळं नाव आहे,
गाडीच्या लेखी ती नाहीच.
आरशामागं डोळा बसवलाय म्हणे, तो ठरवतो.
तो ठरवेपर्यंत
रस्ता, कठडा, कठड्याला टेकलेली मेंढी,
सगळं पिठात कालवल्यासारखं.

जुन्या गाडीला दांडी होती.
करंगळीनं ढकलली की झालं.

"टुर्का," हानुस म्हणाला.
म्हणजे, पूस.
"मला समजलं नाही," गाडीतली बाई म्हणाली,
डॅनिशमध्ये, तोंडात साखर घोळवत.
तिला आमची भाषा येत नाही.
एका मोठ्या स्टेडियमात मावतील एवढी माणसं बोलतात ती,
कोण कशाला शिकवील?
"डॅनिशमध्ये सांग ना," मी म्हटलं,
तर असा बघितला, जणू गाडी मीच बनवलीय.
"शाळेत मास्तरांनी कान पिरगाळले डॅनिशसाठी.
आता सत्तरीत गाडीनं पिरगाळायचे?"

"टुर्का!"
पालथ्या घड्यावर पाणी.
"टुर्का गं. टुर्का."
इतक्या वर्षांच्या संसारात
मला कधी असं 'गं' म्हटला नाही हा माणूस.

"टूरीला फोन लावते," बाई म्हणाली.

टूरी. त्याची बहीण.
बापाच्या सतरा मेंढ्या आणि एक होडीघर,
त्या वाटणीपासून आठ वर्षं
कुणी कुणाला पुसलं नव्हतं.
यादीत तिचं नाव कसं राहिलं ते मी विचारलं नाही.
यादी त्यानंच भरली होती, एकेका बोटानं, दोन संध्याकाळी.

"बंद कर," तो गाडीला म्हणाला. मग मला, "बंद कर."
कुठं बंद करायचं ते मला तरी कुठं ठाऊक?
घंटा वाजत राहिली, आणि आम्ही बोगद्यात शिरलो,
समुद्राच्या तळाखाली,
जिथं एक थेंब पडत नाही.
आणि तिथं, देवा, वायपर सुटले!
कोरड्या काचेवर खर्र खर्र,
भूत लागल्यासारखे, पूर्ण वेगात.

"हॅलो?"
खर्र.
"कोण? हानुस?"
खर्र. खर्र.
"कसला आवाज येतोय?"

हानुसनं घसा साफ केला.
"वायपर," तो म्हणाला.
आठ वर्षांनंतरचा पहिला शब्द.
"थांबत नाही."
पलीकडं जरा वेळ काहीच नाही.
मग टूरी म्हणाली, "आमच्या पोरानं घेतलीय तसलीच.
मागच्या आठवड्यात आपोआप खिडक्या उघडल्या. चर्चसमोर."
तो हसला नाही. मी ओळखते त्याला,
पण स्टिअरिंगवरची बोटं सैल झाली.
"कॉलर खाली एक बटण असतं, लहान," ती म्हणाली.
"कसली कॉलर?"
"स्टिअरिंगची. दिव्याच्या दांडीच्या टोकाला. दाब."

दाबलं. वायपर थांबले.
आता त्या बोगद्यात खरोखरच शांत झालं,
आणि ती शांतता
दोघांपैकी कुणालाच चालवता येईना.

बाहेर पडलो तर पुन्हा तीच भुरभुर,
काच पांढरी, वायपर ढिम्म.
त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला,
स्वेटरची बाही मुठीत ओढली
आणि पुसू लागला, कोपऱ्यापासून, हळूहळू,
बोटीची काच पुसायचा तसा.
फोन अजून चालूच होता.
टूरी विचारत होती, "हानुस? आहेस का?"
मी काही बोलले नाही.
माझ्या बाजूचा दरवाजा तेवढा उघडून धरला,
त्याला ऐकू जावं म्हणून.